पोचा आणि तडा

घर म्हटलें कीं भांड्याला भांडें लागावयाचेंच, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती माणसांच्या स्वभावाविषयीं असली, तरी खऱ्याखुऱ्या भांड्यांनाहि तितकीच लागू पडते. दहा-बारा माणसांच्या कुटुंबांत दिवसाकाठीं कांहीं ना कांहीं हातांतून सुटतेंच. पितळेचें पातेलें पडलें तर त्यास पोचा येतो. चिनी मातीची बरणी पडली तर तिचे तुकडे होतात. बिडाचा तवा पडला तर मधोमध तडकतो. आणि पोलादी पत्र्याचा तवा पडला तर घरभर आवाज होऊन तो पुन्हां शेगडीवर चढतो. पडण्याची उंची तीच आणि फरशीहि तीच. तरी एकास नुसता पोचा आणि दुसऱ्याचा चुरा, असा भेद कां व्हावा? आपण मोठीं माणसें ह्या प्रश्नाचें उत्तर 'बरणी नाजूक होती' एवढ्या शब्दांत देतों आणि केरसुणी शोधूं लागतों. परंतु ज्या मुलाच्या हातून बरणी पडली तें मूल तुकड्यांकडे पाहत उभें असतें, आणि त्या क्षणीं त्याच्या मनांत जी जिज्ञासा असते ती शाळेच्या तासाला सहसा आढळत नाहीं.

पदार्थ एकाएकीं बसलेल्या आघातानें कसे फुटतात, ह्या विषयाची ओळख मुलांस कशी करून द्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. वस्तु टिकून कशी राहते हें शिकवावयाचें आणि ती मोडते कशी हें सोडून द्यावयाचें, म्हणजे आरोग्य शिकवून रोग वगळण्यासारखेंच आहे. शिवाय ह्या विषयास प्रयोगशाळाहि लागत नाहीं. स्वयंपाकघर, माजघर आणि कॅरमचा फळा एवढें साहित्य पुरेसें होतें. शेवटीं आपण जेथें पोहोंचणार आहों तें स्थळ मात्र बरणीच्या तुकड्यांहून फार मोलाचें आहे. तें म्हणजे दुचाकीवरून रोज शाळा-कॉलेजास जाणाऱ्या आपल्या मुलानातवंडांचें मस्तक.

आरंभ शब्दांपासून करूं. 'बळकट' ह्या एकाच शब्दानें आपण दोन अगदीं निराळे गुण दर्शवीत असतों, आणि बहुतेक घोटाळा येथेंच होतो. जाड कांचेच्या फळीवर पुस्तकांचा ढीग वर्षानुवर्षें राहतो, ती वांकतसुद्धां नाहीं. परंतु तिच्यावर एखादा अडकित्ता निसटून पडला तर ती फुटते. अडकित्ता पुस्तकांहून किती तरी हलका. तरी जें काम ढिगानें झालें नाहीं तें त्यानें केलें. यावरून असें दिसतें कीं, सावकाश ठेवलेला भार सहन करणें हा एक गुण, आणि अकस्मात् आलेला आघात पचविणें हा दुसरा. पहिल्यास कणखरपणा म्हणावें, दुसऱ्यास चिवटपणा म्हणावें. कांच कणखर आहे, पण चिवट नाहीं. तांबें-पितळ तितकेंसें कणखर नसेल, पण चिवट आहे.

हा चिवटपणा येतो कोठून? पडणारें भांडें आपल्याबरोबर ऊर्जा घेऊन येतें. फरशीवर आदळतांच ती ऊर्जा कोठें तरी खर्ची पडली पाहिजे. पितळेच्या पोटांत अणूंचे थरावर थर असतात, आणि ते एकमेकांवरून सरकूं शकतात. ह्या सरकण्यांत ऊर्जा खर्च होते आणि बाहेरून आपणांस पोचा दिसतो. गृहिणीस पोचा हा भांड्याचा दोष वाटतो. वस्तुतः पोचा पडणें हा धातूचा मोठा सद्गुण आहे. पोचा पडला म्हणून भांडें वांचलें. कांचेच्या किंवा चिनी मातीच्या अणूंना असें सरकण्यास वावच नाहीं. तेथें आलेली ऊर्जा एकच मार्ग काढते, तो म्हणजे नवीन भेग उघडण्याचा.

ह्या भेगेचा हिशेब ए. ए. ग्रिफिथ ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२१ सालीं मांडला. भेग पुढें सरकावयाची तर पदार्थाचे दोन नवे पृष्ठभाग तयार व्हावे लागतात, आणि त्यास ऊर्जा मोजावी लागते. उलट, भेग वाढली कीं आजूबाजूचा ताण सैल होऊन ऊर्जा मोकळी होते. भेग लहान असतांना खर्च जास्त आणि जमा कमी; म्हणून ती जागच्या जागीं राहते. एका ठराविक लांबीपलीकडे गेली कीं जमा खर्चाहून अधिक होते, आणि मग भेगेचा धंदा आपल्याच नफ्यावर चालूं लागतो. तिला बाहेरून रेटण्याची गरज उरत नाहीं. कित्येक दिवस केसाएवढी चीर घेऊन निमूटपणें लोणचें सांभाळणारी बरणी एके दिवशीं क्षुल्लक धक्क्यानें दुभंगते, तिचें कारण हेंच.

आतां काळाचा प्रश्न घेऊं. एकच वस्तु सावकाश वागविली तर वांकते आणि झटका दिला तर तुटते, हें मुलांस पटविण्यास लाखेची कांडी फार चांगली. कांडीचीं दोन टोकें दोन पुस्तकांवर टेकून मध्यें हलकेंसें वजन बांधावें आणि उन्हाळ्याच्या दिवसांत ती तशीच ठेवून द्यावी; कांहीं दिवसांनीं ती खालीं झुकलेली दिसते. तीच कांडी दोन्ही हातांनीं एकदम मोडूं गेल्यास कट्कन् तुटते. ह्याच तत्त्वावर ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठांत थॉमस पार्नेल ह्या प्राध्यापकानें १९२७ सालीं एक प्रयोग मांडला. त्यानें घट्ट डांबर एका नरसाळ्यांत भरलें आणि १९३० सालीं नरसाळ्याची तोटी कापून मोकळी केली. हें डांबर हातोडीनें ठोकलें तर कांचेसारखें फुटतें. परंतु नरसाळ्यांतून तें इतक्या मंद गतीनें गळत होतें कीं, २०१४ सालापर्यंत त्याचे अवघे नऊ थेंब पडले. एका थेंबास आठ-दहा वर्षें देणारा पदार्थ हातोडीच्या घावाला क्षणाचीहि सवड देत नाहीं! पदार्थाच्या अंगीं ठिसूळपणा किती, हें पदार्थास विचारून भागत नाहीं. आघात किती वेळांत झाला हेंहि विचारावें लागतें.

झटक्यानें भार किती वाढतो हेंहि डोळ्यांनीं पाहतां येतें. त्यासाठीं स्प्रिंगेचा तानकांटा घ्यावा. त्याच्या आंकड्याला एक किलो बटाट्यांची पिशवी अडकवून ती हातानें अशी धरावी कीं कांटा शून्यावर राहील. आतां हात हळूहळू खालीं नेला तर कांटा एक किलोवर येऊन थांबतो. पुन्हां पिशवी वर उचलून ह्या खेपेस हात एकदम काढून घ्यावा. कांटा एकावर न थांबतां दोन किलोच्या आसपास उसळी घेतो आणि मग हेलकावे खात एकावर येतो. पिशवी कोठून पडली नाहीं, तिला कोणी ढकललें नाहीं. केवळ एकाएकीं सोडली एवढ्यानें ताण जवळजवळ दुप्पट झाला. ती हातभर उंचीवरून पडती तर तो कित्येक पटींनीं वाढता. हा प्रयोग एकदां पाहिलेल्या विद्यार्थ्यास 'आघात' शब्दाची व्याख्या पाठ करावी लागत नाहीं.

याहून एक पायरी पुढें जाऊं. आघाताची वार्ता वस्तूच्या सर्व भागांस एकदम पोहोंचत नाहीं. ती लाटेच्या रूपानें प्रवास करते. पोलादांत ह्या लाटेचा वेग सेकंदास सुमारें पांच किलोमीटर असतो. १८७२ सालीं जॉन हॉपकिन्सन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें लोखंडाची लांब तार उभी टांगली, खालच्या टोकाशीं अडसर ठेवला, आणि तारेवरून भोंकाचें वजन खालीं सोडून त्या अडसरावर आदळविलें. तार जेथें घाव बसला तेथेंच तुटावी अशी कोणाचीहि अपेक्षा असणार. परंतु कित्येकदां ती वरच्या टोकाला, जेथें पक्की आवळलेली होती तेथें तुटली. कारण असें कीं, ताणाची लाट तारेंतून वर गेली, आवळलेल्या टोकावर आपटून मागें फिरली, आणि येणारी व परतणारी अशा दोन लाटा एकमेकींवर चढून तेथला ताण दुप्पट झाला. त्याचा पुत्र बर्ट्रम हॉपकिन्सन यानें १९१४ सालीं अशा लाटा पोलादी कांबीच्या साहाय्यानें मोजण्याची रीति बसविली, आणि सुधारलेल्या स्वरूपांत ती आजहि वापरांत आहे.

कॅरमच्या पांच सोंगट्या एका रेषेंत, एकमेकींस चिकटून ठेवाव्या आणि स्ट्रायकर बरोबर त्या रेषेंत मारावा. मधल्या सोंगट्या जवळजवळ जागच्या हलत नाहींत. शेवटची मात्र सुटून जाते. आतां कल्पना करावी कीं ह्या सोंगट्या खळीनें चिकटविलेल्या आहेत. मग शेवटच्या सोंगटीची खळ उखडली जाईल. जाड फरशीवर एका बाजूनें जोराचा घाव बसला असतां कधीं कधीं दुसऱ्याच बाजूची खपली उडते, ती ह्याच रीतीनें. घाव एकीकडे आणि जखम दुसरीकडे, ही गोष्ट मनुष्याच्या बाबतींतहि घडते. डोक्यास पुढून मार बसला असतां मेंदूस मागील बाजूनें इजा झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांत परिचित आहेत; मात्र तेथें मेंदूचें कवटीच्या आंत हलणें हेंहि कारण असतें.

वेगाचा विचार झाला. आतां त्याचे दोन साथीदार पाहूं. पहिला साथीदार म्हणजे खांच. कापडाच्या दुकानांत दुकानदार ताग्याच्या कांठाला कात्रीनें बोटभर चीर देतो आणि मग दोन्ही हातांनीं टर्रकन् कापड फाडतो. चीर दिली नसती तर तेंच कापड फाडणें महाकठीण. ताण हा पाण्याच्या प्रवाहासारखा असतो असें समजावें. मध्यें अडथळा आला कीं प्रवाह त्याच्या टोकाशीं गर्दी करतो. सी. ई. इंग्लिस यानें १९१३ सालीं ह्या गर्दीचें गणित केलें. ताणलेल्या रुंद पत्र्यास वाटोळें भोंक असेल तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोंक ताणाच्या आडवें लांबट असून त्याची लांबी रुंदीच्या दसपट असेल तर टोकाशीं ताण एकवीसपट होतो. अणकुचीदार चिरेची मग गोष्टच नको. म्हणून जाणता कारागीर पत्र्यास तडा जाऊं लागला कीं तड्याच्या अगदीं टोकाशीं गिरमिटानें एक वाटोळें भोंक पाडतो. भोंक पाडून वस्तु वांचवावयाची, ही युक्ति मुलांस फार आवडते, आणि एकदां समजली कीं विसरत नाहीं.

दुसरा साथीदार थंडी. ह्याचा पाठ संक्रांतीच्या सुमारास घ्यावा. चिक्कीसाठीं गुळाचा पाक करतांना त्याचा थेंब थंड पाण्यांत टाकून पाहतात. पाक कच्चा असेल तर थेंब मऊ राहून बोटांत ताणला जातो. पुरा झाला असेल तर थेंब कडक होतो आणि ताटलीवर टाकल्यास टण् वाजतो. हाच पुरा झालेला पाक ताटांत थापला असतां गरम आहे तोंवर हवा तसा लाटतां येतो, वांकवितां येतो. तास-दोन तासांत निवाला कीं एका ठोक्यांत त्याचे धारदार तुकडे होतात. पदार्थ बदलला नाहीं, फक्त ऊब गेली. कित्येक जातींच्या पोलादाचेंहि असेंच आहे. उबेंत असतांना तें वांकतें, पोचा घेतें; परंतु एका मर्यादेखालीं गार झालें कीं कांचेसारखें तडकतें. पोलादाविषयीं हें विधान ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटतें, आणि एके काळीं ह्या अज्ञानाची किंमत मनुष्यांच्या प्राणांनीं मोजावी लागली.

ती हकीकत अशी. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें मालवाहू जहाजें भराभर बांधण्याचा सपाटा लावला. 'लिबर्टी' नांवाच्या एकाच नमुन्याचीं २,७१० जहाजें १९४१ ते १९४५ ह्या काळांत तयार झालीं. वेळ वांचविण्यासाठीं पत्रे रिबिटांनीं न जोडतां वेल्डिंगनें सांधले जात. त्याच सुमारास त्याच रीतीनें बांधलेलें 'स्केनेक्टडी' हें तेलवाहू जहाज ऑरेगन प्रांतांतील पोर्टलंड येथें नुकतीच समुद्रावरील चांचणी उरकून धक्क्याला लागलेलें होतें. १९४३ सालच्या जानेवारीच्या १६ तारखेस, रात्रीं, पाणी शांत असतांना, मोठा कडकडाट झाला आणि तें मधोमध दुभंगलें. वरचा तक्ता आणि दोन्ही कुशी फाटल्या. तळाच्या पत्र्यानें कसाबसा जोड राखला. ना वादळ, ना खडक, ना शत्रूचा गोळा! हवा मात्र गोठणबिंदूच्याहि खालीं गेलेली होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत 'जॉन पी. गेन्स' हें लिबर्टी जहाज भर समुद्रांत फुटून बुडालें आणि दहा जणांस जलसमाधि मिळाली. इतर अनेक जहाजांनाहि लहानमोठे तडे गेले.

दोष प्रथम वेल्डिंग करणाऱ्या कामगारांच्या माथीं मारला गेला. परंतु केंब्रिजमधील कॉन्स्टन्स टिपर ह्या विदुषीनें पोलादाचीच परीक्षा करून दाखविलें कीं, थंडींत तें पोलादच ठिसूळ होत होतें. भेगा बहुधा मालाच्या तोंडाच्या चौकोनी कोपऱ्यांपासून निघत. तेथें ताणाची गर्दी होतीच. पूर्वींच्या रिबिटांच्या जहाजांत एका पत्र्याची भेग त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबे. वेल्डिंगनें सगळें जहाज एकसंध झाल्यामुळें भेगेस राजमार्गच मिळाला. येथें बाहेरून कोणी घाव घातला नव्हता हें खरें. परंतु भेग एकदां सुटली कीं ती ज्या वेगानें धांवते त्या वेगामुळें तिच्या टोकापुढील धातूस तो आघातच असतो. म्हणजे खांच, थंडी आणि वेग हे तिघे तेथें एकत्र आले. पुढें कोपऱ्यांना गोलाई दिली, भेग अडविणाऱ्या पट्ट्या बसविल्या, आणि पोलादाची जातहि सुधारली.

पोलादाचा चिवटपणा मोजण्याचें साधन तत्पूर्वींच उपलब्ध होतें, हें विशेष. जॉर्ज शार्पी ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९०१ सालीं तें विद्वानांपुढें मांडलें. साधन इतकें सोपें आहे कीं झोपाळ्यावर बसलेल्या मुलास तें सहज समजतें. एक वजनदार घण लंबकासारखा टांगलेला असतो. तो ठराविक उंचीपर्यंत ओढून सोडतात. वाटेंत काहींच नसेल तर तो पलीकडे जवळजवळ तितक्याच उंचीवर चढेल. परंतु वाटेंत पोलादाचा एक तुकडा ठेवलेला असतो. तो पंचावन्न मिलीमीटर लांब, दहा रुंद, दहा जाड, आणि त्यास मधोमध दोन मिलीमीटर खोल खांच. घण तो तुकडा तोडून पलीकडे जातो, पण आतां तितका उंच चढत नाहीं. जितका कमी चढला तितकी ऊर्जा तुकड्यानें मोडतांना खाल्ली. ठिसूळ तुकडा थोडीच खातो, चिवट तुकडा पुष्कळ. निरनिराळ्या थंडींत तुकडे तोडून पाहिले म्हणजे कोणतें पोलाद कोठें दगा देईल हें आधींच कळतें. ह्या एका यंत्रांत वेग, खांच आणि थंडी ह्या तिघांचीहि परीक्षा एकदम होते, आणि महत्त्वाच्या कामाचें पोलाद आज ह्या परीक्षेंतून जातें.

अशा परीक्षेनंतर तुकडे फेकून देत नाहींत. त्यांचीं तोंडें निरखून पाहतात. शिक्षकांनीं आणि घरांतील वडील माणसांनीं हा धडा अवश्य घ्यावा. मुलास फुटलेल्या वस्तूचे तुकडे, धार लागणार नाहीं अशा बेतानें, भिंगाखालीं दाखवावे. ठिसूळपणें तुटलेल्या धातूचें तोंड चकचकीत, रवाळ दिसतें, आणि दोन तुकडे पुन्हां तंतोतंत बसतात. चिवटपणें तुटलेल्या धातूचें तोंड मळकट, तंतुमय असून कडा ओढल्या गेलेल्या असतात. जहाजाच्या तुटलेल्या जाड पत्र्यांवर माशाच्या कांट्यासारख्या रेघा उमटतात, आणि त्यांचीं टोकें भेग जेथून निघाली त्या ठिकाणाकडे बोट दाखवितात. तुटलेली वस्तु आपली साक्ष आपणच देते. ती वाचतां आली पाहिजे. 'कोणी फोडलें?' ह्या प्रश्नापेक्षां 'कोठून फुटलें?' हा प्रश्न घरांत अधिक वेळां विचारला गेला, तर मुलें लपवाछपवीहि कमी करतील आणि शिकतीलहि अधिक.

आतां उपायांकडे वळूं. आघातापासून वांचण्याची युक्ति आपल्या पूर्वजांस गणित न करतां ठाऊक होती. कोंकणांतून आंब्याच्या पेट्या येत त्या पेंढ्यांत भरून. कांचेचें सामान येई तें भुशांत. पेंढ्याच्या अंगीं कणखरपणा मुळींच नाहीं. त्याचें काम एकच. धक्का बसला असतां स्वतः दबावयाचें आणि आंब्यास थांबावयाला थोडी जास्त जागा, थोडा जास्त वेळ द्यावयाचा. मुलांस हें दाखविण्यास दोन कोऱ्या पणत्या घ्याव्या. एक कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर सोडावी, दुसरी तितक्याच उंचीवरून चार पदरी गोधडीवर. पहिलीचे तुकडे होतात, दुसरी पुन्हां दिवाळीला उपयोगी पडते. दोघी सारख्याच वेगानें खालीं आल्या. भेद केवळ थांबण्याच्या अंतरांत.

हाच हिशेब आपल्या मस्तकास लावून पाहूं. दुचाकीवरून पडणाऱ्या मनुष्याचें डोकें सुमारें दीड मीटर उंचीवरून रस्त्यावर येतें असें धरूं. रस्त्यास लागतांना त्याचा खालच्या दिशेचा वेग ताशीं वीस किलोमीटरांच्या जवळपास होतो. गाडी उभी असली तरी हा वेग चुकत नाहीं, म्हणून 'हळू चालवितों, कोपऱ्यापर्यंतच जावयाचें आहे' हें समाधान खोटें आहे. डोक्याचें वजन पांच किलो धरूं. उघडें डोकें डांबरी रस्त्यावर आदळलें आणि तीन मिलीमीटरांत थांबलें, तर पडण्याची उंची थांबण्याच्या अंतराच्या पांचशेपट झाली. म्हणून डोक्यावर येणारा जोरहि सरासरीनें त्याच्या वजनाच्या पांचशेपट, म्हणजे अडीच हजार किलोंचा. तेंच डोकें पंचवीस मिलीमीटरांत थांबलें तर जोर साठपट, म्हणजे तीनशे किलोंचा. बावीस मिलीमीटरांच्या फरकानें भार आठव्या हिश्श्याहून खालीं आला! हे बावीस मिलीमीटर म्हणजेच शिरस्त्राण, ज्यास आपण बोलण्यांत हेल्मेट म्हणतों.

पुष्कळांचा समज असा कीं, हेल्मेटाचें वरचें कठीण कवच आपल्यास वांचवितें. कवचाचें काम अणकुचीदार वस्तु आंत शिरूं न देणें आणि घाव मोठ्या भागावर पसरणें एवढेंच आहे. खरें काम आंतल्या थर्मोकोलसारख्या जाड अस्तराचें. आघातासरशी तें चिरडतें, आणि त्या चिरडण्यांत ऊर्जा गिळतें. पितळेच्या पातेल्यास जसा पोचा, तसें अस्तराचें चिरडणें. भेद एवढाच कीं पातेल्याचा पोचा बाहेर दिसतो आणि अस्तराचा कवचाखालीं झांकलेला असतो. आणि चिरडलेलें अस्तर पूर्ववत् फुगत नाहीं. म्हणजे हेल्मेट आपलें कर्तव्य एकदांच करतें. एकदां जबर आपटलेलें हेल्मेट वरून कितीहि गुळगुळीत दिसलें तरी त्यांतील ते मोलाचे मिलीमीटर खर्ची पडलेले असतात.

एकत्र कुटुंबास ही गोष्ट मुद्दाम सांगण्याचें कारण आहे. आपल्या घरांत वस्तु टाकून देत नाहींत. थोरल्याचा सदरा धाकट्यास, ताईचीं पुस्तकें चुलत बहिणीस, ही रीत काटकसरीची आणि प्रेमाचीहि आहे. ती सदऱ्यास आणि पुस्तकांस शोभते. परंतु थोरल्याच्या अपघातांत सांपडलेलें हेल्मेट, 'अजून धडधाकट आहे' म्हणून धाकट्याच्या डोक्यावर चढवूं नये. त्यास नवें घ्यावें, मानक संस्थेची आयएसआय खूण पाहून घ्यावें, डोक्यास बरोबर बसतें कीं नाहीं हें पाहावें, आणि हनुवटीखालचा पट्टा आवळण्याची संवय लावावी. पट्टा न आवळलेलें हेल्मेट डोक्याच्या आधीं रस्त्यावर पोहोंचतें. आजोबांच्या मागें बसून शाळेस जाणाऱ्या लहानग्यासहि तें हवेंच. २०१९ सालीं सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यानें चार वर्षांवरील प्रत्येक स्वारास तें आवश्यक केलें आहे, आणि कायदा नसता तरी वरील हिशेब बदलता ना.

मुलांस केवळ 'हेल्मेट घाल' असें बजावलें तर तें घराच्या वळणापर्यंत डोक्यावर राहतें आणि पुढें आरशाला लटकतें. पण ज्या मुलानें तानकांट्याची उसळी पाहिली, दोन पणत्यांचा निवाडा केला, आणि पांचशे व साठ ह्या आंकड्यांचा भागाकार स्वतःच्या हातानें मांडला, त्यास पुन्हां बजावण्याची गरज सहसा पडत नाहीं. ह्या प्रयोगांना एका रविवारची सकाळ पुरते. घरोघरच्या वडील मंडळींनीं ती सकाळ आपल्या नातवंडांस द्यावी, आणि तींत सर्वांनीं मिळून घरांतलीं सगळीं हेल्मेटें खालीं काढून, कोणतें केव्हां आणि कसें आपटलें होतें याची चौकशी करावी, एवढेंच सुचवून हा लेख पुरा करितों.